विष नेहमी दुसऱ्याच्या घरात

डिसेंबरात स्वीडनच्या गोथेनबर्गला दुपारी साडेतीनलाच अंधार पडतो. 2024 च्या डिसेंबरात अशाच एका संध्याकाळी कामावरून परतताना ट्रॅममध्ये फोन उघडला, तर कॉलेजच्या ग्रुपवर सांगलीच्या मित्राचा मेसेज होता. बंगळुरूच्या एका तरुण अभियंत्यानं त्या आठवड्यात आत्महत्या केली होती. बायको आणि सासरच्यांनी खोट्या केसेस घालून छळलं, असा आरोप करणारा लांबलचक व्हिडिओ आणि चोवीस पानांची चिठ्ठी तो मागे ठेवून गेला होता. ती बातमी टाकून मित्रानं खाली लिहिलं होतं, "आता बोला म्हणावं टॉक्सिक मॅस्क्युलिनिटीवर. हिकडं पुरुष मरतोय आणि ह्यांना पुरुषच विषारी दिसतोय."

मी लिहिलं, त्या पोराचं दुःख खरं आहे, पण त्यामुळे ती दुसरी गोष्ट खोटी ठरत नाही. त्याचं उत्तर लगेच आलं. "लेका, तिकडं बर्फात बसून आम्हाला शिकवू नकोस. ही तिकडची थेरं हायत. आपल्याकडं असलं काही नसतं."

त्यावर मी काही लिहिलं नाही. दोन ओळींत मावणारी गोष्ट नव्हती, आणि ज्याच्याशी बोलायचं होतं तो माणूस मला ग्रुपवर हरवायचा नव्हता. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, आयर्विन पुलापाशी ते 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा हा मित्र तीन दिवस घरी गेला नव्हता. छातीएवढ्या पाण्यात तो होडी ढकलत होता. एका म्हातारीला त्यानं जिन्यावरून पाठीवर घेऊन उतरवलं, तिच्या हातात देवाचा टाक होता आणि तो ती सोडायला तयार नव्हती, हे त्यानं मला फोनवर सांगितलं होतं. माझ्यासारखे लोक जेव्हा पुरुषपणाबद्दल काही बोलतात, तेव्हा त्याला वाटतं की त्या तीन दिवसांचा कुणीतरी अपमान करतंय. हे मला कळतं. म्हणून त्याला राग का येतो इथूनच सुरुवात केली पाहिजे असं मला वाटतं.

टॉक्सिक मॅस्क्युलिनिटीचं 'विषारी पुरुषत्व' हे भाषांतरच मुळात वाईट आहे. मराठीत ते ऐकलं की पुरुषत्व हीच विषारी वस्तू आहे असं वाटतं. आमच्या घरी दुधी चिरण्याआधी आई देठाकडची एक चकती कापून जिभेला लावायची. कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्यायची, कारण कडू दुधीनं माणूस खरंच आजारी पडतो. आईला दुधी आवडत नाही किंवा तिचं भाजीशी वैर आहे असा अर्थ त्यातून कधी कुणी काढला नाही. विशेषण लावण्याचा हेतू एवढाच असतो, चांगल्यातून कडू वेगळं काढायचं. पण ज्याला हा शब्द पहिल्यांदा शिवीसारखा ऐकू आला, त्याला व्याकरण समजावून काही उपयोग नसतो.

आणि हा शब्द पुरुषांना झोडपण्यासाठी बायकांनी काढला, हा समज तर सरळ चुकीचा आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेत पुरुषांचीच एक चळवळ चालू होती. शहरातले पुरुष जंगलात जाऊन शिबिरं भरवत, ढोल वाजवत, आपल्या बापांबद्दल बोलत. त्यांच्यातल्या शेफर्ड ब्लिस नावाच्या माणसानं आपल्या लष्करी वडिलांच्या हुकमी, कोरड्या पुरुषपणाला हा शब्द लावला. बापाच्या जवळ जाता न आलेल्या मुलाचा तो शब्द आहे. पुढे 2005 मध्ये टेरी कुपर्स या मानसोपचारतज्ज्ञानं तो तुरुंगातल्या पुरुषांसाठी वापरला. तिथले कैदी मनाच्या आजारावर उपचार घ्यायला का नकार देतात, हा त्याचा प्रश्न होता. बराकीत मदत मागणारा दुबळा ठरतो आणि दुबळ्याचं तुरुंगात काय होतं हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणजे दोन्ही वेळा प्रश्न एकच होता, पुरुषाला नक्की कशानं गुदमरतंय. 2019 च्या जानेवारीत दाढीच्या ब्लेडच्या एका अमेरिकन जाहिरातीवरून जगभर भांडण पेटलं आणि तो शब्द दोन्ही बाजूंनी दगडासारखा वापरला जाऊ लागला. तेव्हापासून त्याच्या मुळाशी कुणी जात नाही.

मला स्वतःला तो शब्द नसला तरी चालेल. माझ्यापुरता मी त्याला 'मर्दपणाचा धाक' म्हणतो. आपण पुरे मर्द आहोत की नाही, हे सतत कुणीतरी तपासतंय अशी भीती. "रडतोस काय बायकांसारखा", "बांगड्या भर", "बायकोच्या ताटाखालचं मांजर", "बायल्या". मराठीत वाढलेल्या कुठल्याही मुलाला ही यादी शाळेत जायच्या आधी पाठ होते. हे शब्द कुठल्याही परदेशातून आलेले नाहीत.

तो तपासणारा पुरुषच असतो असंही नाही. माझ्या मुलाचं डायपर बदलताना मी एकदा व्हिडिओ कॉलवर होतो, तर आत्या आईला म्हणाली, "पोराला काय काय करायला लावलंय बघ." तिनं ते माझ्यावरच्या मायेनं म्हटलं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019 ते 2021 च्या फेरीत, नवऱ्यानं बायकोला मारणं काही कारणांसाठी योग्य आहे असं म्हणणारे पुरुष 44 टक्के होते आणि बायका 45 टक्के. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढे सरकलो नाही. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या दर चार बायकांमागे एकीनं नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. मारणारे हात पुरुषांचे आहेत, पण त्या हातांना बळ देणारा समज घरातल्या सगळ्यांचा आहे.

आता मित्र म्हणतो त्या गोष्टीकडे येतो. कायद्याचा गैरवापर होतो का? होतो. सर्वोच्च न्यायालयानंच 2014 मध्ये अर्णेश कुमार खटल्यात पोलिसांना बजावलं की सासरच्या छळाविरुद्धच्या 498अ कलमाखाली सरसकट अटका करू नका. निरपराध म्हातारे सासू-सासरे कोठडीत जातात तेव्हा तो अन्यायच असतो आणि ते मान्य करायला मला जराही जड जात नाही. पण मित्रानं ग्रुपवर जो आकडा टाकला, तो मी त्याच्या बाजूनं उभा राहूनच वेगळा वाचतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातले 1,22,724 पुरुष. सगळ्यात जास्त आत्महत्या महाराष्ट्रात, 22,746. एकूण आत्महत्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त रोजंदारीवर राबणारी माणसं.

मित्राला यात बायकांनी छळलेले पुरुष दिसतात. काही असतीलही. मला त्यात बसच्या स्टँडवर कामाची वाट बघणारा गवंडी दिसतो, सोसायटीचं कर्ज थकलेला शेतकरी दिसतो. त्याला मारलं ते कर्जानं, न पडलेल्या पावसानं, पडलेल्या भावानं. हे मर्दपणानं मारलं असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं त्याच्या दारिद्र्याची चेष्टा होईल. पण त्याच घरात, त्याच कर्जाखाली त्याची बायको असते. ती भावाकडे जाते, बचत गटात रडते, मंगळसूत्र गहाण टाकते, दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते. त्याला मात्र शेजाऱ्यापुढे "मला जमत नाही" एवढे तीन शब्द म्हणता येत नाहीत. आयुष्यभर त्याला एकच गोष्ट शिकवलेली असते, की घर चालवतो तो पुरुष. घर चालेनासं झालं की त्याच्या हिशेबात तो स्वतःच उरत नाही. विदर्भ-मराठवाड्यात मागे राहिलेल्या कितीतरी बायकांनी वर्षानुवर्षं हेच सांगितलंय, "मला बोलले नाहीत. कर्ज किती होतं ते नंतर कळलं."

हे मी लांबून बोलत नाही. 2018 च्या जानेवारीत आमच्या आप्पांच्या छातीत पहाटे चारला कळ आली. साखर कारखान्यात फिटर म्हणून जन्म गेलेला माणूस, हातोड्याखाली बोट सापडलं तरी चिंधी बांधून पाळी पुरी करणारा. ते पलंगाच्या कडेला बसून राहिले. आई शेजारी झोपलेली. सातला ती उठली, तेव्हा त्यांचा बनियन पाठीला चिकटला होता आणि ओठ पांढरे पडले होते. "पित्त झालंय," म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, तीन तास काय करत होतात? आप्पा म्हणाले, "उगं सगळ्यांना कशाला उठवायचं." दोन स्टेंट पडले आणि ते वाचले. मी स्वीडनहून पोचलो तेव्हा आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "मला उठवायची लाज वाटली रे त्यांना." चाळीस वर्षांच्या संसारानंतर.

म्हणून कुणी "असलं काही नसतं" म्हणालं की मला तो बनियन आठवतो.

आता इकडची बाजू. मी इथं बारा वर्षं आहे. वाहनं बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करतो आणि गोथेनबर्गच्याच हिसिंगेन भागात राहतो. स्वीडन म्हटलं की आपल्याकडे दोनच चित्रं असतात. एकाच्या मते इथं सगळं आलबेल आहे, दुसऱ्याच्या मते इथल्या पुरुषांचं पाणी गेलंय. दोन्ही चित्रं इथं चार महिने राहिलं तरी टिकत नाहीत.

मुलगा व्हायच्या आधी मी साहेबाला सांगायला गेलो की मला दहा दिवस रजा लागेल. त्यानं कॅलेंडर उघडलं आणि विचारलं, "दहा दिवस ठीक आहे, ते तर बाळंतपणाचे. पण तुझे महिने कधी घेणार?" मी म्हटलं, महिने बायको घेईल. त्यानं पेन खाली ठेवलं आणि अगदी काळजीच्या आवाजात विचारलं, "घरी काही अडचण आहे का?" बाप रजा घेत नाही याचा अर्थ घरात काहीतरी बिघडलंय, असं त्याला वाटलं होतं. मी केबिनमधून बाहेर आलो आणि जिन्यातच उभा राहिलो. आयुष्यभर मी जी भीती ओळखत होतो, ती इथं उलटी फिरली होती. पोराला सांभाळायला गेलो तर लोक काय म्हणतील, याऐवजी नाही गेलो तर काय म्हणतील.

हे आपोआप झालेलं नाही, आणि मला घरच्यांना सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. 1974 मध्ये स्वीडननं बाळंतपणाची रजा आई-बाप दोघांची केली. जगात पहिल्यांदा. पण पहिल्या वर्षी बापांनी एकूण दिवसांतला एक टक्कासुद्धा घेतला नाही. सत्तरच्या दशकात सरकारनं पोस्टर काढलं, त्यावर भारोत्तोलन करणारा एक आडदांड पैलवान तान्हं बाळ हातात घेऊन हसतोय. ते पोस्टर इथं आजही लोकांना आठवतं. त्याचं कौतुक झालं, रजा मात्र आईच घेत राहिली. खरी गोष्ट हलली ती 1995 मध्ये, जेव्हा एक महिना प्रत्येक पालकाच्या नावावर राखून ठेवला गेला. बापानं तो घेतला नाही तर आईला मिळत नाही, वाया जातो. 2002 मध्ये त्याचे दोन महिने झाले, 2016 पासून नव्वद दिवस. एकूण रजा 480 दिवसांची, त्यातल्या 390 दिवसांना पगाराच्या सुमारे 80 टक्के मिळतात, वर एक मर्यादा आहे. आज बाप एकूण दिवसांपैकी साधारण तीस टक्के घेतात. म्हणजे पन्नास वर्षांनंतरही निम्मे नाहीत.

मला हे आकडे फार महत्त्वाचे वाटतात. पुरुषांनी बदलावं असं वीस वर्षं सांगून जे झालं नाही, ते "हे दिवस तुझे आहेत, नाहीतर बुडतील" एवढ्यानं व्हायला लागलं. शरमेची जागा हक्कानं घेतली. बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणून कुणी चिडवायच्या आत माणूस म्हणू शकतो, "अरे, माझे नव्वद दिवस आहेत, सोडू कशाला?" त्याला कुणापुढे आपण सुधारक असल्याचं सिद्ध करावं लागत नाही.

मी सात महिने घेतले. दर मंगळवारी पाळणागाडी ढकलत वस्तीतल्या खुल्या बालवाडीत जायचो. तिथं शाळेसारखं काही नसतं. एक मोठी खोली, गाद्या, खेळणी, कॉफीचा थर्मास. माझ्या शेजारी एक वेल्डर बसायचा. मानेपर्यंत गोंदवलेलं, पंजा परातीएवढा. एकदा तो त्याच्या मुलीची नखं कापत होता. तिची करंगळी त्याच्या दोन बोटांत दिसेनाशी झाली होती. कापता कापता तो श्वास रोखून धरायचा, एक नख झालं की सोडायचा. दहा नखं, दहा श्वास. मग त्यानं कात्री खाली ठेवली, हात झटकले आणि मला म्हणाला, "कारखान्यात मी कधी एवढा घाबरत नाही." आजूबाजूचे तीन-चार बाप हसले आणि ज्यानं त्यानं आपापली नखं कापायची भीती सांगितली. पुरुष एकमेकांना भीती सांगतायत हे मी चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. दारू प्यालेले नसताना.

पण इथं थांबलो तर मी मित्राला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. याच देशात 2022 मध्ये गोळीबारांत 62 माणसं मेली, बहुतेक टोळ्यांच्या भांडणांत. गोळी चालवणाऱ्यांत पंधरा-सोळा वर्षांची पोरं असतात. कधी त्याहून लहान, कारण पंधरा वर्षांखालच्या मुलावर इथं तेव्हा फौजदारी जबाबदारी येत नव्हती आणि टोळ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. फोनवर निरोप येतो, पैसे किती ते ठरतं, पोरगं पिस्तूल घेऊन एखाद्या अनोळखी दारात उभं राहतं. दर वर्षी दहा-पंधरा बायका नवऱ्याच्या किंवा जुन्या जोडीदाराच्या हातून मरतात. खुल्या बालवाडीच्या खिडकीतून दिसणारं स्वीडन आणि हे स्वीडन एकाच ट्रॅमच्या दोन टोकांना आहेत.

गोळीबाराची बातमी आली की कॉफीच्या वेळेला एक वाक्य हमखास येतं. एका सहकाऱ्यानं ते एकदा माझ्यासमोर म्हटलं. "ही मर्दानगीची संस्कृती बाहेरून आलेली आहे. तुमच्या बाजूच्या देशांत पुरुष असेच वाढतात." मग माझ्याकडे बघून, "तुझ्याबद्दल नाही म्हणत." त्याचा हेतू वाईट नव्हता. पण त्याच आठवड्यात मित्राचा तो मेसेज आलेला होता, "ही तिकडची थेरं". मी कपबशी धरून दोघांची वाक्यं मनात शेजारी शेजारी ठेवली. सांगलीत मला सांगतात की हा पाश्चात्त्यांचा रोग आहे. गोथेनबर्गमध्ये सांगतात की हा पूर्वेचा रोग आहे. दोघांनाही खात्री आहे की आपलं घर स्वच्छ आहे.

आणि दोघंही चुकतात. स्वीडिशमध्ये एक जुनी म्हण आहे, तिचा अर्थ असा, की चांगला गडी स्वतःचं स्वतः निभावतो. आमच्या खालच्या मजल्यावरचा साठीचा शेजारी ती म्हण अक्षरशः जगतो. घटस्फोट झालेला, मुलं लांब. गेल्या वर्षी बर्फावर घसरून त्याचा खांदा मोडला, तर तो सहा आठवडे एका हातानं बर्फ उपसत होता. मी फावडं मागितलं तेव्हा म्हणाला, "होतंय की." मला आप्पांचा आवाज ऐकू आला. इथंही आत्महत्या करणाऱ्या दहांमध्ये साधारण सात पुरुष असतात. भारताच्या आकड्यांचा भागाकार करून बघा, तिथंही सातच्या थोडं वरच येतं. एक देश श्रीमंत, एक गरीब, कायदे वेगळे, देव वेगळे, कोर्टं वेगळी. 498अ इथं नाही. तरी तेच सात.

मग मुलांना मारून मर्द करायची पद्धतही इथं होतीच. 1979 मध्ये स्वीडननं घरातसुद्धा मुलांना मारण्यावर बंदी घातली, असं करणारा हा पहिला देश. तेव्हा त्या कायद्याची माहिती दुधाच्या खोक्यांवर छापली होती, म्हणजे सकाळी न्याहारीच्या टेबलावर बाप आणि मुलगा दोघांनीही ती वाचावी. माझा साहेब तेव्हा शाळेत होता. त्याच्या बापाचा पट्टा त्याला अजून आठवतो. जे लोक मला "तुमच्या बाजूच्या देशांत" म्हणतात, त्यांच्या वडिलांच्या पिढीपर्यंत हे घरोघरी होतं.

आणि मित्रा, "आपल्याकडं असलं काही नसतं" म्हणतोस, तर आपल्याकडं ते बघितलं गेलंय, तेही या शब्दाच्या फार आधी. 1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या माथी मारता, ते तुमच्यात नाहीत काय, हा त्यांचा सवाल. 1991 मध्ये सी. वाय. गोपीनाथ या पत्रकारानं वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे पुरुष हवेत. 205 पुरुषांनी उत्तरं पाठवली. त्यातून 1993 मध्ये मुंबईत 'मावा' ही पुरुषांची संघटना उभी राहिली, हरीश सदानी अजून ते काम करतायत. पुण्यात 'पुरुष उवाच' हा दिवाळी अंक गीताली वि. मं. आणि मुकुंद किर्दत यांनी काढला. स्वीडनमध्ये पुरुषांच्या हिंसेविरुद्ध काम करणारी पुरुषांची संघटना स्थापन झाली तेही वर्ष 1993 च. मुंबईच्या माणसांनी स्वीडनची नक्कल केली नव्हती, आणि स्वीडननं मुंबईची. दोन्हीकडे काही पुरुषांना एकाच सुमाराला आपल्या घरातलं दिसलं, एवढंच.

फरक पुढे पडला. इकडे त्या दिसण्याचे कायदे झाले, पगारासकट रजा झाली. आपल्याकडे केंद्र सरकारी नोकराला बाप झाल्यावर 15 दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्यानं एक दिवसही मिळत नाही. आईची रजा 2017 मध्ये 26 आठवडे झाली, ती चांगलीच गोष्ट, पण त्यामुळे पोर म्हणजे आईचं काम हे कायद्यानंच पक्कं केल्यासारखं झालं. त्याच वर्षी हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत पितृत्व रजेचं खासगी विधेयक मांडलं होतं, असंघटित कामगारांनाही धरून. ते मंजूर झालं नाही. सातव 2021 मध्ये कोरोनाच्या लाटेत गेले. टॉक्सिक मॅस्क्युलिनिटी आहे की नाही यावर आपण टीव्हीवर आणि ग्रुपवर जेवढं भांडलो, त्याच्या दहाव्या हिश्श्यानं या विधेयकावर भांडलो असतो, तर गवंड्याच्या आणि ऊस तोडणाऱ्याच्या घरातही निदान विषय निघाला असता. पुरुषांच्या हक्कांसाठी मेणबत्त्या घेऊन बाहेर पडलेल्या तरुणांना माझं मनापासून सांगणं आहे की ही मागणीही त्या यादीत घाला. तो पुरुषांचा हक्कच आहे.

मित्राशी पुढे बोलणं झालं. ग्रुपवर नाही, फोनवर. फेब्रुवारीत त्यानं स्वतःहून केला होता. आधी क्रिकेट झालं, मग पोरांच्या शाळा. पाऊण तासानं त्यानं सांगितलं की 2021 मध्ये त्याचं दुकान बुडालं होतं, अकरा महिने तो रोज डबा घेऊन घरातून निघायचा आणि कृष्णेच्या घाटावर बसून संध्याकाळी परत यायचा. बायकोला माहीत नव्हतं. पुरात तीन दिवस दुसऱ्यांना पाठीवर घेणारा माणूस. मी विचारलं, मला का नाही फोन केलास? बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुला काय सांगणार होतो." मी त्याला शब्दाबद्दल काही बोललो नाही. तो शब्द त्यानं मान्य करावा असं मला तेव्हाही वाटत नव्हतं आणि आताही वाटत नाही. आता आम्ही दर रविवारी बोलतो.

आप्पा-आई इकडे आले होते, माझ्या रजेच्या शेवटच्या महिन्यात. जूनचे दिवस, रात्री दहापर्यंत उजेड. एका मंगळवारी आप्पा माझ्याबरोबर खुल्या बालवाडीत आले. भिंतीला टेकून, हाताची घडी घालून सगळं बघत होते. वेल्डरच्या मुलीनं रांगत येऊन त्यांचा पायजमा धरला, तर त्यांनी एक बोट तिच्या हातात दिलं. सापडलं होतं तेच बोट, नख नसलेलं.

परत येताना ट्रॅममध्ये आम्ही मागच्या बाजूला पाळणागाडीजवळ उभे होतो. पुलावरून जाताना ते म्हणाले, "तू झालास तेव्हा हंगाम चालू होता. तुला मी बारशालाच बघितलं."

मी विचारलं, "रजा मिळाली नसती का आप्पा?"

दोन स्टॉप गेले. ते खिडकीबाहेर नदी बघत होते.

"मागितली असती तर मिळाली असती," ते म्हणाले. "पर बायकोच्या बाळंतपणाला रजा मागायची म्हटल्यावर मिल हाउसातली सगळी काय म्हणली असती? त्यापायी मागितलीच न्हाई."

आमचा स्टॉप आला. जुनी ट्रॅम, तीन पायऱ्यांची. मी मागून गाडी धरली, त्यांनी खाली उतरून पुढची चाकं उचलली, आणि पोरगं जागं होईल म्हणून ती फुटपाथवर अगदी हळू टेकवली.